ऑनलाइन बालवाडी घरात कशी चालवावी: बेळगाव सीमाभागातील मराठी पालकांसाठी

ऑनलाइन बालवाडीत मुलाचे नाव घालताना बहुतेक घरांत अशी समजूत असते की ठरल्या वेळी मोबाइल मुलापुढे उभा केला की पलीकडच्या बाई शिकवतील, मूल शिकेल आणि तेवढ्यात घरातली चार कामेही उरकतील. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. या वयाचे मूल पडद्यावर पाहिलेल्या कृतीपेक्षा शेजारी बसलेल्या माणसाने केलेली कृती लवकर उचलते, कारण शेजारचा माणूस त्याची नजर कुठे आहे ते पाहून थांबतो, त्याच्या अर्धवट शब्दाला उत्तर देतो आणि अडल्यावर हात धरून पुन्हा करून दाखवतो. पडद्यावरच्या बाईंसमोर एकाच वेळी दहा-पंधरा मुले असल्यामुळे त्यांची इच्छा असूनही हे त्यांना जमत नाही. म्हणून ऑनलाइन बालवाडी ही मुख्यतः घरातल्या मोठ्या माणसाची शिकवणी आहे, असे धरून चालावे. बाई काय करतात ते आईने, आजीने किंवा काकूने नीट पाहावे आणि पडदा बंद झाल्यावर तेच मुलाबरोबर करावे. पुढे जे सांगितले आहे ते सर्व हे धरूनच सांगितले आहे.

आपल्या भागात या वर्गांकडे वळण्याची कारणे घराघरांत वेगळी आहेत. बेळगाव शहरातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ किंवा टिळकवाडीत राहणाऱ्यांना मराठी बालवाडी पायी जाण्याच्या अंतरावर मिळू शकते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, वस्त्या विखुरलेल्या आहेत आणि मुसळधार पावसाच्या महिन्यांत तीन वर्षांच्या मुलाला रोज नेणे-आणणे अवघड असते. निपाणी-चिकोडीकडच्या कित्येक पालकांना जवळची बालवाडी इंग्रजी माध्यमाची आणि जवळची अंगणवाडी कन्नडमधून बोलणारी अशी दोनच दारे दिसतात, तेव्हा ते पुण्या-कोल्हापुराहून चालणारा मराठी वर्ग शोधतात. त्यात वावगे काही नाही; मात्र तो वर्ग महाराष्ट्राच्या नियमांवर बेतलेला असतो आणि आपले मूल पुढे कर्नाटकातल्या शाळेत जाणार असते, हे विसरले की वर्ष वाया जाते.

वयाची तारीख आधी तपासावी

कर्नाटकात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या १ जून रोजी मुलाला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात हीच गणना ३१ डिसेंबर या तारखेवर होते. सप्टेंबर २०२२ मध्ये जन्मलेले मूल घेतले तर महाराष्ट्राच्या हिशेबाने ते जून २०२८ मध्ये पहिलीत बसते आणि कर्नाटकाच्या हिशेबाने जून २०२९ मध्ये. पुण्याचा वर्ग त्याला महाराष्ट्राच्या तारखेने नर्सरीत घेतो, पुढे एलकेजी आणि यूकेजी पूर्ण करून ‘पदवीदान’ही उरकतो, आणि मग बेळगावच्या शाळेत गेल्यावर कळते की अजून एक वर्ष थांबायचे आहे, तेव्हा यूकेजीच पुन्हा करण्याची पाळी येते आणि कंटाळलेले मूल शाळेच्या नावाने नाक मुरडते. २०२५-२६ या वर्षी कर्नाटक सरकारने पाच वर्षे पाच महिन्यांपर्यंत सवलत दिली होती खरी, पण ती त्या एका वर्षापुरती होती. तिच्या भरवशावर राहू नये. नाव घालतानाच संचालकांना सांगावे की आमच्या मुलाचा गट १ जूनप्रमाणे ठरवा: त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण असतील तर नर्सरी, चार असतील तर एलकेजी आणि पाच असतील तर यूकेजी. शंका असेल तर ज्या शाळेत पुढे घालायचे आहे तिथल्या मुख्याध्यापकांना किंवा तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात विचारावे.

वेळापत्रकाचा फरक त्यामानाने किरकोळ आहे. आपल्याकडे शाळा जूनच्या आरंभी उघडतात आणि मोठी सुट्टी दसऱ्याला असते, तर महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा भरते आणि मोठी सुट्टी दिवाळीला मिळते. थोरल्या भावंडाची सुट्टी आणि धाकट्याचा वर्ग एकत्र आले की धाकटा पडद्यापुढे बसत नाही. त्या दिवसांत त्याला बसवूही नये.

पडद्यासमोर किती वेळ

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: दोन वर्षांच्या आतल्या मुलांनी पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा जास्त बसू नये, त्याहून कमी तर अधिक चांगले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दोन ते पाच वर्षांसाठी हीच एक तासाची सीमा घातली आणि तोही वेळ मोठ्यांच्या देखरेखीत असावा असे म्हटले. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पूर्वप्राथमिक गटासाठी दिवसाला तीस मिनिटांहून अधिक वेळ नव्हता आणि तो वेळही पालकांशी बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी होता. त्याच वर्षी कर्नाटक सरकारने पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली आणि जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे दिसते की लहान मुलांना तासन्‌तास पडद्यासमोर बसवावे असे या सूचनांपैकी एकीतही म्हटलेले नाही.

माझ्या मते आठवड्यातून तीन ते चार दिवस, दर वेळी वीस ते तीस मिनिटे, एवढा वर्ग पुरे. ‘रोज दोन तास, शाळेसारखेच’ अशी जाहिरात करणारा वर्ग त्या एका वाक्यावरूनच बाद करावा. दिवसाचा तास मोजताना जेवताना लावलेले कार्टून आणि आत्याच्या मोबाइलवर पाहिलेले रील्सही त्यात धरावे लागतात, आणि प्रामाणिकपणे धरले तर बहुतेक घरांत वर्ग सुरू होण्याआधीच तो तास संपलेला आढळतो. म्हणून वर्ग सुरू करण्याच्या आठवड्यात आधी जेवणाच्या वेळचा मोबाइल बंद करावा. दोन-तीन दिवस रडारड होईल. घास थोडे कमी जातील. त्याने मुलाचे काही बिघडत नाही.

वर्ग निवडताना काय पाहावे

पैसे भरण्याआधी एक वर्ग फुकट पाहू द्या, असे सांगावे आणि तो पालकांनी स्वतः पाहावा. चित्रे किती रंगीत आहेत, बाईंमागे फळा कसा सजवला आहे, याकडे लक्ष देण्याची गरज नाही. बाईंनी प्रश्न विचारल्यावर त्या किती थांबतात ते पाहावे. तीन वर्षांच्या मुलाला ऐकलेला प्रश्न मनात बसवून, शब्द जुळवून, तोंड उघडायला काही सेकंद लागतात. ज्या बाई एवढे थांबतात आणि मुलाचे तुटके उत्तर पुरे होऊ देतात त्या जाणत्या समजाव्यात, आणि ज्या स्वतःच उत्तर देऊन ‘व्हेरी गुड’ म्हणत पुढे जातात त्यांच्या वर्गाचा आणि ध्वनिमुद्रित व्हिडिओचा परिणाम सारखाच. एका वर्गात आठ-दहापेक्षा जास्त मुले असतील तर आपल्या मुलाची पाळी क्वचितच येणार. दर आठवड्याला पालकांना पुढच्या आठवड्याची कृती आणि लागणारे सामान आधी कळवतात का, हे विचारावे. उत्तर नाही असेल तर तो वर्ग आपल्या कामाचा नाही.

पैशांच्या बाबतीत वर्षाचे शुल्क एकदम भरू नये, सवलत कितीही मोठी दाखवली तरी. मूल पहिल्या महिन्यात रमले नाही तर पैसे परत मिळवणे फार जड जाते. शुल्क यूपीआयच्या ऑटोपेवर, म्हणजे खात्यातून आपोआप होणाऱ्या कपातीवर, लावले असेल तर वर्ग सोडताना आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन तो आदेश स्वतः रद्द करावा, कारण व्हॉट्सॲपवर ‘आम्ही येणार नाही’ एवढे कळवल्याने कपात थांबत नाही. ‘आमचेच किट घ्यावे लागेल’ ही अट असेल तर किटमध्ये काय आहे ते विचारावे; मणी, कार्डबोर्डचे आकार आणि रंगीत कागद यासाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही.

मुलाच्या फोटोंचा प्रश्नही इथेच सोडवून घ्यावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची आणि मुलांचा माग काढून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण होते का, ते कुठे ठेवले जाते, आणि मुलाचा चेहरा संस्थेच्या जाहिरातीत वापरला जाईल का, हे लेखी विचारून घेतले की पुढचा वाद टळतो.

पैसे न भरताही हे काम होऊ शकते, हे इथे सांगितले पाहिजे. ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चित्रकथा मोफत मिळतात, त्या उतरवून छापता येतात आणि त्यांच्या पायऱ्या केलेल्या असल्यामुळे पहिल्या पायरीची पुस्तके एका पानावर एकदोन वाक्यांचीच असतात. केंद्र सरकारच्या ‘जादुई पिटारा’ या २०२३ साली आलेल्या संचाचे डिजिटल रूप मोबाइलवर पाहता येते. त्यात खेळ, कोडी, बाहुल्या आणि चित्रकार्डे यांच्या कल्पना आहेत. आजी-आजोबा घरी असतील आणि त्यांना आठवड्याला एकदा कोणी कृती समजावून सांगितली तर कित्येक घरांना शुल्काच्या वर्गाची गरजच पडत नाही.

घरातली मांडणी

मोबाइल मुलाच्या हातात देऊ नये. पाटावर किंवा डब्याला टेकवून तो मुलापासून दोन हात लांब ठेवावा. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर वर्ग त्यावर लावणे सर्वांत उत्तम, कारण टीव्हीला मूल बोट लावत नाही आणि मानही खाली जात नाही. उजेड मुलाच्या तोंडावर यावा, पाठीमागून नव्हे, नाहीतर बाईंना फक्त काळी आकृती दिसते. हेडफोन लावू नये, कारण मग शेजारी बसलेल्या आजीला काहीच ऐकू येत नाही.

अर्ध्या तासाच्या व्हिडिओ वर्गाला साधारण अर्धा जीबी डेटा लागतो, तेव्हा रोजचा डेटा सकाळीच संपवणाऱ्या काकांना आधी सांगून ठेवावे. झूमच्या मोफत खात्यावरचा वर्ग चाळीस मिनिटांनी आपोआप तुटतो. लहान मुलांच्या दृष्टीने ही मर्यादा वरदानच आहे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, म्हणून आठवड्याच्या दोन गोष्टी आणि दोन गाणी रात्रीच उतरवून ठेवावीत. वर्ग तुटला तर पुन्हा पुन्हा जोडण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्या दिवशी आधी कळवलेली कृती घरात करून मोकळे व्हावे.

वर्ग संपल्यावर यूट्यूब आपोआप पुढचा व्हिडिओ लावते, ते ऑटोप्ले बंद करावे. ‘यूट्यूब किड्स’मध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, ती चालू करायला पाच मिनिटे लागतात आणि पुढची भांडणे वाचतात.

वेळ निवडताना घरची कामे पाहावीत. रोप लावणीच्या दिवसांत सकाळी अकराचा वर्ग घेऊन उपयोग नाही, कारण घरात मुलाशेजारी बसायला कोणी उरत नाही. अशा घरांनी संध्याकाळचा, दिवे लागणीच्या आधीचा वर्ग निवडावा.

वर्ग आणि वर्गानंतरचा अर्धा तास

बाई आज ‘मोठे आणि लहान’ घेणार आहेत असे समजू. आजीने आधीच सुपात चार लिंबे, चार बटाटे आणि दोन नारळ ठेवावेत आणि सूप पाठीमागे झाकून ठेवावे. पडदा चालू असताना मुलाने पाहायचे, हवे तर उत्तर द्यायचे. त्याला ‘नीट बस, बाईंकडे बघ’ असे सतत टोकू नये. तीन वर्षांचे मूल अधूनमधून उठून फेरी मारणारच.

पडदा बंद झाला की सूप पुढे घ्यावे आणि विचारावे, “यातलं सगळ्यात मोठं कुठलं गा?” मूल नारळ उचलते. मग लिंबू आणि बटाटा शेजारी ठेवून विचारावे. मूल बटाट्याला मोठा म्हणते. आता तोच बटाटा नारळाशेजारी ठेवावा. इथे मूल घुटमळते, कारण आत्ताच मोठा ठरलेला बटाटा आता लहान दिसतो आहे. आजीने लगेच उत्तर सांगू नये. ते दोन्हींकडे पाहील, बटाटा परत लिंबापाशी नेईल, परत आणील. मोठेपणा वस्तूत नसून तुलनेत असतो, हे त्याच्या हातांना कळते आहे आणि पडद्यावर कितीही हत्ती-उंदीर दाखवले तरी हे असे कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सुपात कांदे घालून खेळ पुन्हा मांडावा.

मोजणीचेही तसेच. ‘एक दोन तीन’ वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल प्रत्यक्ष मोजताना एका शब्दाला दोन वस्तूंवर बोट ठेवते किंवा एक वस्तू गाळते. त्याचा उपाय पाटी-पेन्सिल नाही. जेवणाची ताटे मांडायला लावणे हा आहे. घरात पाच माणसे, तर प्रत्येकाचे नाव घेत एकेक ताट, त्यावर एकेक वाटी. आज काका शेतावरून आले नाहीत तर एक ताट जास्त होते, आणि वजाबाकी हा शब्दही न उच्चारता ती घरात येते.

घरच्या वस्तूंवर लहान मुलांचे शिक्षण उभे करण्याची ही रीत मराठीत नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून दगड, पाने, बिया, शिंपले यांवरच काम केले, आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी असा विचार केला. आपल्या भागात अशा साधनांची वानवा नाही. खानापूरची माती कौलांना आणि कुंभारकामाला नावाजलेली आहे आणि कुंभारकामाचे प्रशिक्षण देणारी खादी ग्रामोद्योगाची संस्थाही तिथे आहे. ओळखीच्या कुंभाराकडून ढेकूळभर मळलेली माती आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर पुरते. मूल तिचे गोळे करते, वळ्या लाटते, पणती करते, आणि याच चिमटण्या-दाबण्याने त्याच्या बोटांत पुढे पेन्सिल धरण्याची ताकद येते. माती नसेल त्या दिवशी भाकरीच्या पिठाचा किंवा कणकेचा गोळा चालतो. वडगाव-शहापुरात मागावरचे उरलेले रंगीत सूत मिळते. रंगवार गुंडाळ्या करणे हा रंग शिकण्याचा उत्तम खेळ आहे. भाताच्या लोंब्या, उसाची कांडी, चिंचोके, करवंट्या यांना तर पैसेही पडत नाहीत.

काही गोष्टींत मात्र सावध राहावे लागते. तीन वर्षांखालच्या, आणि वस्तू तोंडात घालण्याची सवय न सुटलेल्या कोणत्याही मुलाला हरभरे, वाटाणे, चिंचोके किंवा मणी देऊ नयेत. मुले ते नाकात घालतात, आणि कडधान्य ओलाव्याने फुगून आत घट्ट बसते. तसे झाल्यास घरी पिन किंवा चिमट्याने काढण्याचा प्रयत्न करू नये. सरळ डॉक्टरांकडे न्यावे. निपाणी भागात जिथे घरात विड्या वळल्या जातात तिथे मुलाची खेळण्याची जागा विड्यांच्या सुपापासून आणि तंबाखूपासून दूर असावी आणि पाने किंवा कात्रणे खेळायला देऊ नयेत, कारण तंबाखूची धूळ हाताला लागून तोंडात जाते.

दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात त्या आठवड्यात ऑनलाइन वर्ग बुडाला तर बुडू द्यावा. माती कालवणे, बुरूज उंच करणे, हळीव पेरून रोज उगवण पाहणे, मावळ्यांच्या रांगा लावणे यांत एका महिन्याचा अभ्यासक्रम सामावलेला असतो.

मराठी, कन्नड आणि घरची बोली

पुण्याच्या बाई ‘काय करतेस?’ म्हणतात आणि आपल्या घरात ‘काय करूलालीस?’ म्हणतात. मूल वर्गात घरची बोली बोलले तर तिला चूक म्हणू नये आणि बाईंनाही तसे आधी सांगून ठेवावे. तीन वर्षांच्या मुलाला बोलताना टोकले की ते बोलणेच थांबवते, प्रमाण मराठी तर त्याला गोष्टी ऐकून आपोआप कळू लागते. बोलीवर हसणाऱ्या बाईंचा वर्ग सोडून द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मराठी म्हणवणाऱ्या काही वर्गांत रंग आणि अंक मात्र इंग्रजीतच शिकवले जातात, तेही फुकटचा वर्ग पाहतानाच लक्षात येईल.

कन्नडकडे पाठ फिरवून चालणार नाही. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यामुळे राज्यातल्या शाळांत ती पहिलीपासून शिकावी लागते, आणि शेजारपाजार, बाजार व बस यांतून ती मुलाच्या कानावर आधीच पडत असते. या वयात ती फक्त कानाने येऊ द्यावी. जिना चढताना एकदा ‘एक, दोन, तीन’ आणि उतरताना ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणावे. पाणी मागताना ‘नीरु’ म्हटले तर द्यावे. शेजारच्या अव्वांना, म्हणजे कन्नड बोलणाऱ्या आजींना, मुलाशी कन्नडमध्येच बोलायला सांगावे, आणि त्याने मराठीत उत्तर दिले तरी चालू द्यावे. स्टोरीवीव्हरवर कन्नडमध्येही असलेली एखादी चित्रकथा आधी मराठीत चार-पाच वेळा सांगून मग त्या अव्वांकडून कन्नडमध्ये वाचून घेतली तर चित्रांच्या आधाराने मूल अर्थ लावते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ असे वेगळे उच्चार आहेत, जे मराठी मोठ्यांना जड जातात. लहानपणी ऐकलेल्या कानाला ते जड जात नाहीत. दोन लिप्या मात्र एकदम सुरू करू नयेत. वर्णमालेचा क्रम दोन्हींकडे सारखाच असल्याने देवनागरी स्थिरावली की कन्नड अक्षरे ओळखणे पुढे सोपे जाते.

अक्षरांची घाई

चार वर्षांच्या आधी पेन्सिलने अक्षरे गिरवायला लावू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्याचा आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यातही खेळ, गप्पा, गाणी आणि गोष्टी यांवरच भर आहे. चार-साडेचार वर्षांनंतर मूल स्वतःहून विचारू लागले की त्याच्या नावातल्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी. ‘अ’ ते ‘ज्ञ’ या क्रमाने जाण्यापेक्षा वळणाने जवळची अक्षरे एकत्र घ्यावीत: ग, म, न, मग व, ब, क, मग ट, ठ, ढ. ती आधी रांगोळीच्या पिठात बोटाने काढावीत, मग पाटीवर, आणि सर्वांत शेवटी वहीत. वही भरल्याचे फोटो दर दिवशी गटात टाका, असे सांगणाऱ्या वर्गाला नम्रपणे नकार द्यावा. ती वही बहुतेक घरांत आईच मुलाचा हात धरून भरत असते, हे बाईंनाही माहीत असते.

अंगणवाडी सोडू नये

ऑनलाइन वर्ग लावला म्हणून अंगणवाडीतले नाव काढू नये. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे दिवसाला किती आहार द्यायचा याचे प्रमाण ठरलेले आहे. शिवाय वजन-उंची पाहिली जाते आणि लसीकरणाची आठवण राहते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे दुसरी मुले असतात. पाळी लावणे, खेळणे मागून घेणे, भांडून पुन्हा एकत्र खेळणे यांपैकी काहीही पडद्यावर शिकता येत नाही. ज्यांच्या घराजवळ अंगणवाडी नाही त्यांनी आठवड्यातून दोनदा तरी गल्लीतली चार-पाच मुले एका अंगणात जमवावीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, ती चुकवू नये. वर्गात मूल हाकेला वळत नसेल, तीन वर्षे होऊनही दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलत नसेल किंवा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत असेल, तर ‘मोबाइलमुळे असेल’ किंवा ‘दोन भाषांचा गोंधळ असेल’ असे म्हणून थांबू नये. कान आणि डोळे तपासून घ्यावेत. दोन भाषा ऐकल्याने बोलणे अडत नाही.

पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी ऑनलाइन बालवाडीचे प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळे शुल्क मागितल्यास देऊ नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे आणि वयासाठी जन्मदाखला पुरतो. तो नसेल तर जन्मनोंदणीच्या कार्यालयात अर्ज करून प्रवेशाच्या आधीच्या डिसेंबरपर्यंत हातात घ्यावा, आणि त्यावरचे नाव, आईवडिलांची नावे व आडनाव यांचे स्पेलिंग आणि कन्नड लेखन इतर कागदपत्रांशी जुळते का ते तेव्हाच पाहून घ्यावे.